आडवी बाटली, फॉर्म सात आणि मतदार यादी
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मतदानाच्या हक्काविषयी प्रश्न पाठवा, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांत गावातल्या बायकांची पत्रे सर्वांत जास्त आहेत आणि त्यांतली बरीच दारूच्या दुकानासंबंधी आहेत. म्हणून त्या विषयाला यावेळी मोठी जागा दिली आहे. बाकीची पत्रे निरनिराळ्या विषयांची असली तरी घोडे बहुतेक ठिकाणी एकाच जागी अडते. कायद्याने हक्क दिलेला असतो, पण यादीत घोळ असतो.

प्रश्न : आमच्या गावात सरकारमान्य देशी दारूचं दुकान आहे. ग्रामसभेत ठराव झाला, निवेदनं दिली, दुकान आहे तिथंच आहे. ‘आडवी बाटली’चं मतदान कसं मागायचं? (बचत गटाच्या सदस्या, नांदेड जिल्हा)

उत्तर : नुसत्या ठरावाने दुकान बंद होत नाही, त्यासाठी मतदान व्हावे लागते. हे मतदान मागण्याचा हक्क महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली २००८ साली काढलेल्या आदेशात आहे. गावातल्या किंवा शहरातल्या प्रभागातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के महिलांनी लेखी मागणी केली की प्रशासनाने गुप्त मतदान घ्यायचे असते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद कर. एकूण महिला मतदारांपैकी ५० टक्क्यांहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली, तर जिल्हाधिकारी दुकान बंद करण्याचा आदेश काढतात.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लिहा, राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षक कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून उठू नका. अर्जात दुकान कुठे आहे आणि परवाना कोणता आहे हे लिहा. देशी दारूच्या दुकानाचा परवाना सीएल-३ असतो, परमिट रूमचा एफएल-३. गावात दोन-तीन दुकाने असतील तर प्रत्येकाचा स्वतंत्र उल्लेख करा.

खरे काम सह्यांच्या तक्त्याचे आहे. कोऱ्या कागदावर सह्या गोळा करू नका. आधी तहसील कार्यालयातून मतदार यादीची प्रत घ्या आणि तक्त्यात हे रकाने आखा: यादी भाग क्रमांक, यादीतला अनुक्रमांक, यादीत छापलेले पूर्ण नाव, मतदार ओळखपत्राचा क्रमांक, सही किंवा अंगठा. नाव यादीत जसे छापले आहे तसेच लिहा, ते चुकीचे छापलेले असले तरी. यादीत ‘सुमन’ आणि तक्त्यात ‘सुमनबाई’ एवढ्या फरकावरही पडताळणीत प्रश्न निघतात.

अर्ज पोचल्यावर उत्पादन शुल्क विभागाचे अधिकारी गावात येऊन सह्या पडताळतात. त्या दिवशी महिलांनी ओळखपत्र घेऊन हजर राहायचे असते. बहुतेक मागण्या इथेच गळतात. कुणी शेतात गेलेली असते, कुणी माहेरी. कुणाची सही नवऱ्याने केलेली असते, तर कुणी दबावाखाली “मी सही केलीच नाही” म्हणते. म्हणून २५ टक्क्यांवर थांबू नका, ३५ ते ४० टक्के सह्या जमवा. पडताळणीची तारीख लेखी मागून घ्या आणि आदल्या संध्याकाळी गल्लीगल्लीत सांगून या.

मतदानाची तारीख ठरताना आठवडी बाजार, सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी हे दिवस टाळायला सांगा. शिवाय शिक्का मारण्याचा सराव करून घ्या. वर्षानुवर्षे मशीनचे बटण दाबणाऱ्या हाताला शिक्क्याची सवय राहिलेली नाही. शिक्का दोन्ही चित्रांच्या मधल्या रेघेवर पडला किंवा दोन्हीकडे पडला की मत बाद होते. वहीच्या कागदावर दोन बाटल्या काढा, मध्ये रेघ मारा आणि प्रत्येकीला एकदा शिक्का मारून, कागद घडी करून दाखवायला सांगा. म्हाताऱ्या बायकांना तर दोनदा.

हे मतदान परवान्याच्या दुकानापुरते आहे, हेही लक्षात ठेवा. हातभट्टीला परवानाच नसतो, त्यामुळे तिथे मतदानाचा उपयोग नाही. ती थेट पोलीस आणि उत्पादन शुल्क विभागाकडे करायची तक्रार आहे. दुकान बंद झाल्यावर हातभट्टी वाढली अशी तक्रार अनेक गावांतून येते, म्हणून दोन्ही आघाड्यांवर तयारी ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे मतदान झालं. आडव्या बाटलीला उभीपेक्षा कितीतरी जास्त मतं पडली, तरी दुकान सुरूच. असं कसं? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : कारण इथे झालेल्या मतांचे निम्मे पुरत नाही, यादीतल्या नावांच्या निम्म्याहून जास्त मते लागतात. विधानसभेला किंवा सरपंचपदाला ज्याला जास्त मते तो निवडून येतो. बाटलीच्या मतदानात जी बाई आलीच नाही, तिचे मत उभ्या बाटलीला पडल्यासारखेच होते. यादीत नाव असलेली मृत बाईसुद्धा दुकानदाराच्या बाजूने उभी असते.

समजा, यादीत १,२४० महिला आहेत. मागणीसाठी ३१० सह्या लागतील आणि दुकान बंद करायला ६२१ मते. आता यादीतल्या ९० जणी वारलेल्या किंवा लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या असतील, तर गावात उरल्या १,१५०. त्यांपैकी ७० टक्के म्हणजे ८०५ जणी आल्या, तर त्यांतल्या ६२१ जणींनी, म्हणजे चौघींपैकी तिघींहून जास्त जणींनी, आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागेल. गावात एवढे एकमत सोपे नसते. तेच यादी साफ असेल तर ५७६ मते पुरतात. ४५ मतांचा हा फरक मतदानाच्या दिवशी हाता-पाया पडून भरून निघत नाही, तो आधीच यादीत भरून काढावा लागतो.

त्यासाठी मागणीचा अर्ज देण्यापूर्वी दोन-तीन महिने यादीवर काम करा. मृत व्यक्तीचे नाव कमी करायला फॉर्म ७ भरायचा आणि सोबत मृत्यू दाखल्याची प्रत जोडायची. हा फॉर्म त्याच मतदारसंघातला मतदार भरू शकतो. घरच्या माणसाने भरला तर वाद होत नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलींसाठी फॉर्म ७ च्या मागे लागू नका. त्यांना सासरच्या पत्त्यावर फॉर्म ८ भरायला सांगा. नाव तिकडे लागते आणि इथून निघते, तिचा हक्कही शाबूत राहतो. अर्ज बीएलओकडे (मतदान केंद्राच्या यादीचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) देता येतात किंवा निवडणूक आयोगाच्या मतदार संकेतस्थळावर आणि ॲपवर भरता येतात. गठ्ठ्याने आणून टाकलेले अर्ज घेतले जात नाहीत.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो. कामासाठी चार-सहा महिने बाहेर गेलेल्या बाईचे नाव ‘स्थलांतरित’ म्हणून कापायला जाऊ नका. तो तिच्यावर अन्याय आहे, आणि खोटे निवेदन केल्याबद्दल १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

इतकी कडक अट असावी का, यावर आमचे मत स्पष्ट आहे. परवाना देताना गावातल्या निम्म्या बायकांची संमती मागत नाहीत, मग बंद करताना का मागावी? अट झालेल्या मतदानाच्या निम्म्यावर आणली तर हा हक्क खरा वाटेल. तरीही हा आदेश आल्यापासून एक बदल नक्की झाला आहे. ज्या बायका पूर्वी दुकानासमोर मोर्चा नेऊन परत येत, त्या आता तहसीलमध्ये जाऊन यादी मागतात.

प्रश्न : माझी आजी सांगायची की पहिल्या निवडणुकीत कित्येक बायकांना नाव नाही म्हणून मत देता आलं नाही. हे खरं आहे का? (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : खरे आहे, पण ही गोष्ट मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांतली आहे. १९५१-५२ च्या निवडणुकीसाठी यादी करताना बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेश या भागांत अनेक बायकांनी परक्या पुरुषाला स्वतःचे नाव सांगायला नकार दिला. त्यांची नोंद ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशी झाली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असे ठरवले आणि नाव सांगायला मुदत वाढवून दिली. तरीही देशातल्या सुमारे ८ कोटी महिला मतदारांपैकी जवळपास २८ लाख जणींची नावे शेवटी वगळावी लागली.

हा निर्णय कठोर होता, पण आमच्या मते योग्य होता. पुढच्या निवडणुकीपर्यंत त्या नावांची नोंद करण्याचे काम जोमाने झाले, आणि बाईचे स्वतःचे नाव ही सरकारी कागदावरची गरज बनली.

त्याआधी काय होते, तेही ध्यानात घ्या. ब्रिटिश सरकारच्या १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांत मताचा हक्क मालमत्ता, शेतसारा, कर किंवा शिक्षण यांवर अवलंबून होता. मुंबई प्रांताच्या विधान परिषदेने १९२१ साली महिलांवरची मतदानबंदी उठवली, पण मालमत्तेची अट तशीच राहिल्याने मोजक्याच बायका मत देऊ शकल्या. १९३५ च्या कायद्याने मतदार वाढले, तरी ब्रिटिश प्रांतांतल्या लोकसंख्येच्या साधारण १४ टक्क्यांपलीकडे ते गेले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१९ साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देताना अस्पृश्यांसाठी ही अट खाली आणण्याची मागणी केली आणि सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकार मागितला. घटनेच्या कलम ३२६ ने तो दिला, आणि कलम ३२५ ने धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कुणालाही यादीबाहेर ठेवता येणार नाही असे बजावले. पहिल्याच यादीत १७ कोटींहून अधिक नावे होती. शेतमजूर आणि त्याचा मालक एका यादीत, एकाखाली एक आले. ज्या गावात पाणवठे वेगळे होते, तिथे मतपेट्या मात्र सर्वांसाठी त्याच होत्या.

प्रश्न : मुलगा ऑगस्टमध्ये अठरा वर्षांचा होतो. पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावं लागेल का? (एक पालक, सांगली)

उत्तर : नाही. पूर्वी फक्त १ जानेवारी हा पात्रता दिनांक होता आणि २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला वर्षभर थांबावे लागे. निवडणूक कायद्यांतल्या २०२१ च्या दुरुस्तीने १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार दिनांक आले आणि १ ऑगस्ट २०२२ पासून ते लागू झाले. तुमचा मुलगा १ ऑक्टोबरच्या दिनांकावर पात्र ठरेल. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही देता येतो. फॉर्म ६, एक फोटो, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा एवढे पुरते.

मुळात वय २१ वरून १८ वर आले ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, २८ मार्च १९८९ पासून. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत या वयाच्या मुलामुलींनी पहिल्यांदा मत दिले.

आता अडचण कुठे येते ते पाहा. निवडणूक जाहीर झाल्यावर अर्ज करायला धावणाऱ्यांचे नाव बहुधा लागत नाही. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की यादीत नवे नाव घेता येत नाही. त्याआधी हरकतींसाठी सात दिवस द्यावे लागतात, म्हणून त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी अर्ज पोचला पाहिजे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका यांचे गणित आणखी वेगळे आहे. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेतो, पण एक तारीख ठरवून त्या दिवशीची घेतो. अलीकडच्या स्थानिक निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर नाव लागले असेल तर विधानसभेला मत आहे, पालिकेला नाही. प्रभागनिहाय प्रारूप यादी लागते तेव्हा नाव भलत्याच प्रभागात गेले असेल तर त्याच मुदतीत हरकत घ्या. पुढे कुणी ऐकून घेत नाही.

प्रश्न : आम्ही ऊसतोडीला सहा महिने बाहेर असतो. गावाकडं नाव कापतील का? कारखान्यावर नाव लावून घ्यावं का? (बीड जिल्हा)

उत्तर : गावाकडचे नाव कापता येत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० मध्ये स्पष्ट लिहिले आहे की तात्पुरता बाहेर गेला म्हणून माणसाचे नेहमीचे वास्तव्य संपत नाही. कारखान्यावर नाव लावू नका. कोपी (तिथली राहायची झोपडी) हंगामापुरती असते, पुढच्या वर्षी कारखाना दुसराच असेल. दोन ठिकाणी नाव ठेवणे तर गुन्हाच आहे.

बीएलओ घरोघरी फिरतो तेव्हा तुमच्या घराला कुलूप असते, आणि ‘आढळून आले नाहीत’ असा शेरा तिथेच पडतो. म्हणून टोळी निघण्यापूर्वी बीएलओला भेटून हंगामी स्थलांतर असल्याचे लेखी द्या, गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे प्रत ठेवा आणि दिवाळीनंतर एकदा फोनवर यादीत नाव तपासा. नोटीस दिल्याशिवाय आणि म्हणणे ऐकल्याशिवाय नाव वगळता येत नाही.

मतदानाच्या दिवशी काय? टपाली मत ऊसतोड कामगाराला नाही. बाहेरगावाहून मत देता येईल अशा मशीनचे प्रात्यक्षिक निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे ठेवायचे ठरवले होते, गाडी त्यापुढे गेली नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातले कलम १३५ब मात्र हातात आहे. मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी द्यायची, रोजंदारीवरच्यालाही. मालकाने नाकारली तर ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. आता एवढ्या दंडाने मुकादम घाबरत नाही, आणि उचल घेतलेला माणूस हक्क मागायला कचरतो. शिवाय गावी जायला-यायला दोन दिवस आणि नवरा-बायको दोघांचे भाडे लागते. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान झाले, ते ऐन गाळपाच्या तोंडावर. लाखो राबणाऱ्या हातांचे मत हंगामाच्या तारखेवर अवलंबून राहावे, ही आम्हाला या कायद्यातली सर्वांत मोठी उणीव वाटते. लष्करातल्या जवानाला जशी टपालाची सोय आहे तशी हंगामी मजुरालाही हवी, आणि ती मागणी संघटनांनी करारात मजुरीच्या दराबरोबर ठेवावी.

प्रश्न : सरपंचपद महिलेला राखीव, पण खुर्चीत नवरा बसतो. मग आरक्षणाचा उपयोग काय? (निवृत्त शिक्षक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : उपयोग आहे, पण तो पहिल्या दिवशी दिसत नाही. पंचायतींविषयीची ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि एक तृतीयांश जागा महिलांना मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक वाड्यावस्तीला ‘आमच्यातली कोण उभी राहणार?’ हा विचार करावा लागतो. हा बदल लहान नाही.

नवऱ्याच्या कारभाराला आळा घालायचा तर पैशाच्या वाटेवर लक्ष ठेवा. वित्त आयोगाच्या निधीचे पैसे आता ऑनलाइन जातात आणि त्यासाठी ग्रामसेवक (नवे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) आणि सरपंच या दोघांच्या डिजिटल सहीचे डोंगल (संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) लागते. सरपंचबाईचे डोंगल आणि पासवर्ड नवऱ्याच्या किंवा ग्रामसेवकाच्या खिशात असेल, तर बाईला न कळता तिच्या सहीने बिले निघतात. उद्या चौकशी झाली की जबाबदार तीच. निवडून आलेल्या प्रत्येक बाईने पहिल्या आठवड्यात डोंगल स्वतःकडे घ्यावे, पासवर्ड स्वतः बदलावा आणि ओटीपी जाणारा मोबाइल नंबर स्वतःचा आहे का ते पाहावे.

दुसरे हत्यार महिला सभेचे. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घेणे महाराष्ट्रात कायद्यानेच बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत ती कागदावर होते आणि सह्या नंतर घरोघरी फिरवून घेतल्या जातात. सही करण्यापूर्वी ठरावाची वही वाचून दाखवायला सांगा. ग्रामसभेला गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० यांतले जे कमी ते. म्हणजे शंभर बायका ठरवून आल्या तर सभा त्यांच्या जोरावर होते.

तरी एक दोष राहतोच. आरक्षण सोडतीने फिरते. पाच वर्षांत बाई कारभार शिकते आणि पुढच्या वेळी जागा खुली होते. खुल्या जागेवर तिलाच उभे करणारी गावे आहेत, पण थोडी.

प्रश्न : लोकसभा आणि विधानसभेतलं महिला आरक्षण कधीपासून? (नाशिक)

उत्तर : २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा ठरल्या, पण त्याच दुरुस्तीत अट आहे की त्यानंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे आल्यावर मतदारसंघांची पुनर्रचना होईल आणि मग आरक्षण लागू होईल.

प्रश्न : मी दुबईत नोकरी करतो, भाऊ अमेरिकेचा नागरिक झाला आहे. आम्हा दोघांना मत देता येईल का? (मूळ रत्नागिरीचे वाचक)

उत्तर : तुम्हाला येईल, भावाला नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की हक्क जातो, परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने तो परत मिळत नाही. तुमच्यासाठी २०१० च्या दुरुस्तीने सोय झाली. फॉर्म ६अ भरायचा, नाव पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात लागते. मतदार ओळखपत्र मिळत नाही, केंद्रावर मूळ पासपोर्ट दाखवायचा. आणि यायचे स्वतःच. प्रतिनिधीमार्फत मत देण्याचे विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, पण राज्यसभेत मंजूर होण्यापूर्वीच ती लोकसभा संपली आणि विधेयक बारगळले.

प्रश्न : आई ८७ वर्षांची आहे, अंथरुणावर आहे. घरून मत देता येईल? (कोल्हापूर)

उत्तर : लोकसभा-विधानसभेला देता येईल. ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना ही सोय आहे. बीएलओ फॉर्म १२ड घरी आणून देतो. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो भरून परत गेला पाहिजे, आणि घरोघरी हीच मुदत हुकते. फॉर्म आला नाही तर वाट पाहू नका, बीएलओला फोन करा. एकदा हा पर्याय घेतला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. पथक येते तेव्हा चित्रीकरण होते, पण मत देताना कॅमेरा मतपत्रिकेकडे नसतो. आईला हे आधी सांगा, नाहीतर ती बावरेल. घरातल्या मंडळींनी त्या वेळी खोलीबाहेर थांबावे.

प्रश्न : केंद्रावर गेलो तर माझ्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं होतं. मी परत आलो. (ठाणे)

उत्तर : परत यायला नको होते. केंद्राध्यक्षाला ओळखपत्र दाखवा आणि प्रदत्त मत मागा. निवडणूक नियमांतल्या नियम ४९प खाली तो तुमचा हक्क आहे. हे मत मशीनवर नसते, कागदी मतपत्रिकेवर असते आणि वेगळ्या पाकिटात बंद होते. मोजणीत ते धरत नाहीत, न्यायालयाने सांगितले तरच उघडतात. वाया गेले असे समजू नका. राजस्थानात २००८ साली नाथद्वारा मतदारसंघाचा निकाल एका मताने लागला होता आणि वाद प्रदत्त मतांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

केंद्रावर जाताना हेही लक्षात असू द्या. नुसते ओळखपत्र पुरत नाही, यादीत नाव हवे. आणि नाव असेल तर ओळखपत्राऐवजी आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेले बँक पासबुक, रोजगार हमीचे जॉब कार्ड यांतले एक चालते. घरी येणारी मतदार चिठ्ठी मात्र २०१९ पासून ओळखीचा पुरावा धरत नाहीत.

प्रश्न : आमची वस्ती पालांची. घराचा पत्ता नाही, लाइट बिल नाही. अर्ज घेतच नाहीत. (फिरस्त्या जमातीतील कार्यकर्ता, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : पत्त्याचा कागद नाही म्हणून अर्ज नाकारता येत नाही. बेघरांसाठी निवडणूक आयोगाची पद्धत अशी आहे: अर्जात जिथे झोपता ती जागा लिहायची, आणि बीएलओने रात्री एकाहून अधिक वेळा तिथे जाऊन माणूस खरोखर तिथे झोपतो का हे पाहायचे. तो आढळला की दुसरा पुरावा मागायचा नाही. अर्जात जागेची खूण नेमकी लिहा: कोणत्या रस्त्यालगत, कोणत्या शाळेच्या किंवा देवळाच्या मागे, ओढ्याच्या कोणत्या बाजूला. ‘गावाबाहेर’ एवढेच लिहिले तर बीएलओ ‘जागा सापडली नाही’ असा शेरा मारतो.

अर्ज हातात घेत नसतील तर ऑनलाइन भरा, संदर्भ क्रमांक येतो आणि तो नाकारता येत नाही. अर्ज फेटाळला तर आदेशाची प्रत मागा. त्यावर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि तिथेही न्याय मिळाला नाही तर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. वस्तीतल्या प्रत्येकाचा फॉर्म ६ वेगळा भरा आणि जिथे मुक्काम सर्वांत जास्त असतो त्याच गावात भरा. पावसाळ्यातले चार महिने बहुतेक पाले एका जागी असतात, तेव्हा १ जुलै आणि १ ऑक्टोबर हे दोन पात्रता दिनांक तुमच्या सोयीचे आहेत. बीएलओच्या फेरीची तारीख विचारून ठेवा आणि त्या रात्री माणसे पालावर असतील असे पाहा.